कोणत्या तबकड्या ठेवायच्या, हे कोण ठरवणार?



गेल्या डिसेंबरात आम्ही सांगलीहून साताऱ्याला बिऱ्हाड हलवलं. शामरावनगरचं तीन खोल्यांचं घर सोडून भाड्याच्या एक खोली-किचनमध्ये आम्ही दोघं, आई आणि पुस्तकं. प्रश्न उरला आप्पांच्या रेकॉर्डचा. आप्पा मिरजेला रेल्वेत होते. १९८० च्या बोनसमधून त्यांनी एचएमव्हीचा फिएस्टा प्लेअर घेतला आणि पुढची दहा वर्षं जमेल तशा तबकड्या जमवल्या. ते गेले तेव्हा २४० होत्या. नव्या घरात जागा एका लोखंडी मांडणीच्या खालच्या कप्प्याची, म्हणजे फार तर ६० तबकड्यांची. त्या उभ्याच ठेवाव्या लागतात. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात आणि पत्र्याखालच्या उन्हात तर पापडासारख्या होतात.

चळवळीतले काही मित्र म्हणाले, एवढा विचार कशाला, सगळं यूट्यूबवर आहे. आमचं म्हणणं, सगळं नाही. आणि जे नाही, ते बहुतेक आपलंच नाही.

पुण्याहून एक संग्राहक आले होते. सज्जन माणूस. त्यांनी लाखेच्या जुन्या ७८ च्या तबकड्या बाजूला काढल्या. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर. आप्पांनी त्या मिरजेच्या एका वाड्यातून, घर मोडताना, पडत्या भावात घेतल्या होत्या. संग्राहकांनी भावही चांगला सांगितला. मग भीमगीतांच्या लहान ४५ च्या तबकड्या चाळून म्हणाले, "याला गिऱ्हाईक नाही." ते खोटं बोलत नव्हते. एम.ए.ला बोर्द्यूचं सांस्कृतिक भांडवल आम्ही पाठ करून पेपरात लिहिलं होतं. ते नेमकं काय असतं, हे त्या दिवशी दोन ढिगांच्या मधे बसून कळलं.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, कारण १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं. बालगंधर्व नागठाण्याचे, अब्दुल करीम खाँ आयुष्याच्या उत्तरार्धात मिरजेचे. या वारशाला राखणारे पुष्कळ आहेत आणि राखावाच, आमची तक्रार नाही. पण याच जिल्ह्यात वाटेगाव आहे, अण्णा भाऊ साठ्यांचं. शेजारच्या साताऱ्यात सत्यशोधक जलसे झाले. ते जलसे तबकडीत का आले नाहीत? ७८ च्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं मावतात. जलसा रात्रभर चालायचा. गण, बतावणी, सवाल-जबाब, मधेच गावच्या पाटलाला काढलेला चिमटा, यातलं काहीच सव्वातीन मिनिटांत बसत नाही. आणि बसवलं असतं तरी विकत कोणी घेतलं असतं? ज्यांच्यासाठी जलसा होता त्यांच्या घरी ग्रामोफोन नव्हता. पुढे एचएमव्हीनं भीमगीतं काढली, पण आपल्या वस्त्यांत गाणं खऱ्या अर्थानं पोहोचलं ते ऐंशीच्या दशकात, कॅसेट स्वस्त झाल्यावर.

म्हणून आम्ही एकच कसोटी लावली. बाजारात जे दुर्मीळ त्याला नाही, तर जे आपण सोडून दुसरं कोणी ठेवणार नाही त्याला जागा. अब्दुल करीम खाँसाहेब संग्राहकांकडे गेले. ते तिथे सुरक्षित राहतील.

कसोटी पहिल्यांदा अडली प्रल्हाद शिंद्यांपाशी. त्यांच्या भीमगीतांबद्दल वाद नव्हता. पण आप्पांकडे त्यांच्या विठ्ठलाच्या गाण्यांच्या चार तबकड्या होत्या. आम्ही बौद्ध. १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात फ्रेममध्ये लावलेल्या. शिवाय ही गाणी दर आषाढीला कानाकोपऱ्यात वाजतात, आमच्या कसोटीनं ती बाहेरच. आम्ही त्या गठ्ठ्यात टाकल्या. आईनं उचलून परत ठेवल्या.

"देव कुनाचा ते नगा बघू. गळा कुनाचा हाय ते बघा."

आम्ही दोन दिवस वाद घातला. आमचं म्हणणं, गळा आपला वापरला आणि देव त्यांचा विकला. आईचं म्हणणं, त्या गळ्यानं घर चालवलं, आणि त्याच घरातून आनंद-मिलिंद भीमगीतं गात पुढे आले. भक्तिगीताला बाजार होता, भीमगीताला गिऱ्हाईक नव्हतं. संग्राहकांचं तेच वाक्य इथे उलट्या बाजूनं भेटलं. मग आठवलं, बाबासाहेबांनी १९४८ चं 'द अनटचेबल्स' नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलंय. धर्म नाकारणाऱ्या माणसानं त्या धर्माच्या पायरीवर अडवलेल्या संताचं नाव नाकारलं नाही. चारही तबकड्या राहिल्या. आम्ही त्या वाजवत नाही, आई वाजवते.

लावण्यांचं मात्र अजून सुटलेलं नाही. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांच्या फडातली पवळा महार समाजातली. महाडच्या सत्याग्रहासाठी त्यांनी देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी घेतला नाही, आपल्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून, हा प्रसंग चळवळीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. त्या बाजूनं पाहिलं तर सगळ्या लावण्या भंगारात जाव्यात. पण साताऱ्याच्या वाईत यमुनाबाई वाईकर शंभरी ओलांडेपर्यंत जगल्या. कोल्हाटी समाजातली ही बाई, २०१२ ला पद्मश्री. लावणी फेकून देताना आपण फडाचा मालक फेकतो की बाई? सध्या आठ तबकड्या पलंगाखाली आहेत.

आता आमची चूक सांगायलाच हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. तबकड्या धुऊन निघाल्या, प्लास्टिकच ते. पण कव्हरं लगदा झाली आणि अकरा तबकड्यांची लेबलं सुटली. आवराआवरीत पहिला निर्णय आम्ही या अकरांचा घेतला. कशावर काय आहे कळतच नाही, ठेवून करायचं काय? किलोच्या भावानं मिरजेच्या भंगारवाल्याकडे गेल्या.

संध्याकाळी आईनं विचारलं, "चौदा एप्रिलला लाउडस्पीकरवर लावायचे ती कुठंय?"

ती त्या अकरांत होती. ती काळी, लेबल नसलेली, काठाला बारीक टवका उडालेली. प्लेअर घरात होता, सुई चालू होती, अकरा तबकड्या ऐकायला एक संध्याकाळ लागली असती. तेवढंही करायचं नसलं तरी मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक असतोच. तो उतरवून घेतला की कोणती मुद्रिका ते पुढे शोधता येतं. हे आम्हाला नंतर कळलं. सकाळी धावत गेलो. तीन मिळाल्या. टवक्याची मिळाली नाही.

आई त्या दिवशी काही बोलली नाही. ती चाल तिला गुणगुणता येते, शब्द अर्धेच आठवतात. गायक कोण, विचारलं तर म्हणते आप्पांना म्हायती.

साताऱ्यात आम्ही राहतो तिथून प्रतापसिंह हायस्कूल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला छोट्या भिवाचं नाव या शाळेच्या रजिस्टरात चढलं. कुणा कारकुनानं ती ओळ लिहिली, कुणीतरी ते रजिस्टर जपलं, म्हणून २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळता येतो. आमच्याच घरात मात्र चाळीस वर्षं वाजलेल्या गाण्याची एक ओळ कुणी लिहून ठेवली नव्हती, आणि त्यात समाजशास्त्र शिकलेले आम्हीही आलो.

आता दोनशे पानी वही केली आहे. तबकडीचा क्रमांक, गायक, कवी माहीत असेल तर कवी, आणि शेवटचा रकाना आईचा, ती कधी आणि कुणाच्या दारात वाजली. विठ्ठल उमपांच्या एका भीमगीतापुढे तिनं सांगितलं, "पुतळ्याची मिरवणूक, पाऊस आला होता, आप्पांनी प्लेअरवर स्वतःचा कोट टाकला." साठाच्या जागी बहात्तर झाल्या आहेत, त्यामुळे मिक्सर खाली जमिनीवर आलाय. लेबल नसलेल्या तिघींपैकी दोन ऐकून झाल्या. एकीवर कव्वाली निघाली, एकीवर हिंदी सिनेमा. तिसरी रविवारी लावणार आहोत, आईला दुपारी वेळ असतो.