नळ खोकला तेव्हा

परवा पहाटे नळ खोकला. आधी कोरडी फुसफुस, मग दोन उचक्या, मग गढूळ धार. गच्चीवरची टाकी धुतली होती, बाकी काही नाही. पण मी झोपेतून उठून मोरीत (तिला आता बाथरूम म्हणायचं) बादली सरकवून उभी. घड्याळात सव्वाचार.

गोरेगावात इथेच, या टॉवरच्या जागी आमची चाळ होती आणि पाणी याच वेळेला यायचं. आई नळापाशी पाटावर बसून डुलक्या घ्यायची. फुसफुस झाली की ‘आलं गं!’ आणि मी हंडा खाली ढकलायचा. पुढे तळमजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने मोटर लावली. खाली घरघर सुरू झाली की वर करंगळीएवढी धार, मग थेंब. त्या माणसाचं नाव मी अजून तोंडाने घेत नाही.

बरं, तलाव काही लांब नाही. आरे कॉलनीच्या पलीकडे विहार. १८६० पासून त्याचं पाणी मुंबई पितेय. गोरेगाव मुंबईत आलं १९५७ साली, पण हद्द आली म्हणून पाणी येतं थोडंच! मृणाल गोरे १९६१मध्ये महापालिकेत निवडून गेल्या आणि पाण्यासाठी इतक्या भांडल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच त्यांचं नाव झालं. १९७७ला त्या खासदार झाल्या, इंदिरा गांधी पडल्या. ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ असं ओरडत आम्ही पोरं जिन्यात नाचलो. आई हंडा घासता घासता म्हणाली, “दिल्लीला कशाला, त्यांना आधी आपल्या जिन्याखाली पाठवा.”

त्याच वर्षी पावसाळ्याआधी बाबा गेले. नळ कोरडा. अंघोळ घालायलाही पाणी नाही. मोटरवाला काही न बोलता दोन हंडे घेऊन वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. चार खेपा केल्या त्याने, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली. शेवटच्या खेपेला जिन्यात सांडलं, तेही स्वतःच फडक्याने टिपलं. आई त्याच्याकडे बघून फक्त मान हलवायची, नंतरही कितीतरी वर्षं, येताजाता.

मी नाही हलवली. ते पाणी आमच्याच वाट्याचं होतं.