गाऱ्याचे टायर

जुन्या जीपचे चारही टायर यंदा मृगाच्या आधी बदलायचे होते. लेकाचं म्हणणं, "बाबा, आता गाऱ्याचेच टायर टाका. मोठ्या गट्टूचे." पोट्ट्याचं काही वावगं नव्हतं. आमचं वावर परतवाड्याहून लांब नाही, पण शेवटचा टप्पा पांधणीचा. पावसाळ्यात तिथं पाय टाकला की वहाण गाऱ्यात राहते अन् पाय तेवढा वर येतो.

पण मी आधी हिशेब मांडला. पांधणीत जीप चालते ती पावसाळ्याचे दोन-अडीच महिने, तेही रोज एखादा किलोमीटर. बाकी सारं डांबर. नातवंडांची शाळा, बाजार, संत्रा तोडायच्या दिवसांत बायांना नेणं-आणणं. लेक चिखलदऱ्याला दिली आहे, म्हणून महिन्यातून एकदा तरी घाट चढणं आलंच. अन् श्रावणात त्या घाटात पाऊस, धुकं अन् वळणं तिन्ही एकदमच भेटतात.

गाऱ्याच्या टायरला दुकानदार एम.टी. म्हणतात. त्याचे गट्टू मोठे, मधल्या नाल्या रुंद. चाक जोरात फिरलं की नालीतला गारा बाहेर फेकला जातो अन् गट्टू पुन्हा माती धरतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचं तेच तंत्र. पण डांबरावर याचं रबर कमी टेकतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी लांब जाऊन थांबते. भुंग्यासारखा आवाज येतो, डिझेल जास्त लागतं, झीजही लवकर होते.

अन् गाऱ्या-गाऱ्यातही फरक असतो. डोंगराच्या पायथ्याची बरड, मुरमाड जमीन. तिथं जराक खाली टणक लागतं, गट्टू धरतो. खाली पूर्णेकडे उतरलं की काळी कपाशीची जमीन. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, अन् पाणी प्यायली की फुगते. ही माती चाकाला अशी लिपते की नाली काय अन् गट्टू काय, सारं सपाट. चाकाचा नुसता काळा गोळा होतो. आमच्या पांधणीत हीच माती.

जुन्या बंडीचं चाक लाकडी, त्यावर लोखंडी धाव, रुंदी कमी. ते गारा कापत खाली जाई अन् टणक थर असला तर त्यावर टेके. पण झड लागली की कोणी बंडी वावरात नेत नसे. वाफसा यायची वाट पाहत.

परतवाड्यात दुकानदारानं एकच विचारलं, "काका, गाडी रोज चालवता ना?" हो म्हटल्यावर त्यानं ए.टी. दाखवले. गट्टू मध्यम, नाल्या मध्यम, डांबरावरही बरे अन् मुरमाडातही. मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहून घेतले. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. 2324 असेल तर तो 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. दुकानात पडून म्हातारा झालेला टायर नवा म्हणून घेऊ नये.

लेकाचं तोंड उतरलं. म्हणे, "बाबा, पांधणीत फसलो तं?"

"फसलो तं शेजाऱ्याची बैलजोडी काढते बाहेर," मी म्हटलं. "घाटात घसरलो तं कोन काढन? अन् मांगं पोट्टे बसले असतीन."

तो काही बोलला नाही. टायर उतरवू लागला.

आता पावसाळ्यात जीपमध्ये दोर, फावडं अन् दोन रिकामी पोती असतात. धुऱ्यावर पऱ्हाट्यांचा भारा ठेवला आहे, चाक फिरू लागलं की खाली सारायला. थोडी हवा कमी केली तर चाक पसरून माती धरतं, पण डांबराला लागायच्या आधी ती परत भरावी लागते. कमी हवेवर पळवलेला टायर तापतो. म्हणून पायपंपही सीटखाली आहे. झडीच्या दिवशी मात्र यातलं काहीच काढत नाही. जीप डांबराच्या कडेला लावतो, वहाणा हातात घेतो अन् पायीच वावरात जातो.