आबांचा डावा कान

मागच्या हिवाळ्यात माझी मामेबहीण रायफल नेमबाजीच्या स्पर्धेसाठी दिल्लीला आली होती, तुघलकाबादच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर. सोबत आमचे आबा, म्हणजे आईचे वडीलही आले. एका संध्याकाळी मी दोघांना कोपर्निकस मार्गावरच्या कमानी सभागृहात मराठी नाटकाला नेलं. मी मधल्या खुर्च्या धरल्या होत्या, पण आबा सरळ डावीकडच्या टोकाला जाऊन बसले. म्हणाले, "इथनं उजवा कान स्टेजकडं येतोय."

सगळं सभागृह हसायचं, मग आबा आमच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हसायचे.

आमचं गाव आजऱ्याजवळचं. तरुणपणी आबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. हाका उठवून रानडुकराची शिकार व्हायची. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यांची शिकार थांबली. कान मात्र तोवर गेला होता. गेला तो डावाच, कारण बंदूक उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीच्या तोंडाकडे राहतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. म्हणून आमच्या घरी जेवताना सगळे आबांच्या उजव्या हाताला बसतात. लहानपणी मला तो मानाचा प्रकार वाटायचा.

नाटक सुटल्यावर आम्ही मंडी हाऊसच्या दिशेने चालत निघालो. बहीण मोबाइलवरचे व्हिडिओ आठवून सांगत होती, "आबा, परदेशात शिकारीच्या रायफलला पुढे मझल ब्रेक लावतात. मग खांद्याला धक्का फार कमी बसतो."

आबांनी विचारलं, "मग त्यो जातोय कुठं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मझल ब्रेक म्हणजे नळीच्या टोकाला लावलेला, बाजूंना भोकं असलेला तुकडा. गोळीमागून सुटणारा वायू तो बाजूला आणि थोडा मागे वळवतो, त्यामुळे रायफल मागे कमी येते. पण त्या वायूबरोबर आवाजही मागे वळतो, चालवणाऱ्याच्या आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या कानांकडे. शिकारीच्या रायफलचा आवाज मुळातच १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि ब्रेकमुळे तो आणखी काही डेसिबलने वाढतो. डेसिबल फूटपट्टीसारखे मोजायचे नसतात. दर सहा डेसिबलला आवाजाचा दाब दुप्पट होतो. असे क्षणिक स्फोटाचे आवाज १४० च्या वर गेले, की एका बारानेही कान कायमचा दुखावू शकतो.

बहिणीच्या स्पर्धेत रायफलला मझल ब्रेक लावायला बंदीच आहे. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, तोच हा ५० मीटर थ्री पोझिशन्सचा प्रकार. तिची पॉइंट टू-टू शिकारीच्या रायफलपेक्षा पुष्कळ हळू वाजते. पण सरावात दिवसाला शेकडो गोळ्या सुटतात, शिवाय शेजारच्या लेनवरच्याही.

"कानात घालतीस न्हवं?" आबांनी विचारलं.

"मॅचला घालते. सरावाला कधीकधी नाही. सर काय सांगतात ते ऐकू येत नाही."

आबा थांबले. "मलाबी तवा रान ऐकायचं हुतं. पाचोळा वाजला तर जनावर कळायचं. म्हणून कान उघडं ठेवलं. आता पोरं काय बोलत्यात, ते कळत न्हाई."

त्यानंतर बराच वेळ कुणीच बोललं नाही.

तुमच्या घरात कुणी नेमबाजी शिकत असेल, तर एवढं लक्षात ठेवा. खांद्याला धक्का बसला की दुखतं, म्हणून आपण काळजी घेतो. कान मात्र बहुतेक वेळा दुखत नाही. थोडी शिट्टी वाजते, दुसऱ्या दिवशी थांबते आणि आपल्याला वाटतं की झालं. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी जातात ते स, फ, थ यांसारखे बारीक आवाज. त्यामुळे माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही.

कापसाचे बोळे कामाचे नाहीत. फोमचं बूच बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, बूच आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. वरून कानांवर इअरमफ लावला तर आणखी चांगलं. बघायला मागे उभे राहणाऱ्या आईबाबांनीही हे करायचं. आणि प्रशिक्षकांचं ऐकायचं असेल, तर गोळीबार थांबल्यावर ऐकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेंजवर निघताना बहिणीने बॅग उघडून बुचांची डबी आबांना दाखवली. आबांनी ती हातात घेतली, झाकण उघडून आत बुचं आहेत ना ते बघितलं आणि मगच परत दिली.