मिरास

सोलापूरच्या भवानी पेठेत ज्याचे बालपण गेले, त्याची झोप मागांच्या खडखडाटाने कधी मोडत नाही. वीज जाऊन माग थांबले, की त्या शांततेने मात्र तो दचकून जागा होतो. अशाच एका रात्री, कंदिलाच्या उजेडात आई कांड्या मोजीत बसली असता, सेलवरच्या रेडिओवर ‘घरकुल’ चित्रपटातले एक गीत लागले. आणि जिला मराठी केवळ बाजारहाटापुरती अवगत होती, ती माझी तेलुगूभाषक माता हातातली कांडी तशीच धरून म्हणाली, ‘हिचा शब्द न् शब्द मला कळतो.’ तो स्वर फैयाज यांचा, आमच्याच सोलापूरच्या कन्येचा होता.

स्त्रीभूमिकांना अनुपम लावण्य देणारे बालगंधर्व ज्या वर्षी निवर्तले, त्याच १९६७ च्या डिसेंबरात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले आणि मुसलमान घरातल्या फैयाज त्यात खाँसाहेबांची कन्या झरीना होऊन उभ्या राहिल्या. गायकी ही घराण्याची बंदिस्त दौलत, की जो तिच्यासाठी जीव पाखडील त्याची, हाच त्या नाटकाचा प्रश्न. आणि त्याचे एक उत्तर, मला वाटते, फैयाज यांच्या निर्मळ मराठी उच्चारातच होते.

परक्या मानलेल्या घरातून भाषा उजळते, हे सातासमुद्रांपलीकडे फ्रान्सनेही अनुभवले आहे. गरीब ज्यू फेरीवाल्याची मुलगी राशेल लहानपणी रस्त्यांवर गाऊन चार पैसे मिळवी; १८३८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती कोमेदी फ्रान्सेझ या नाट्यगृहाच्या रंगमंचावर आली आणि कोर्नेय व रासीन या अभिजात नाटककारांच्या ज्या शोकांतिका जुन्या दप्तरात जमा झाल्यासारख्या होत्या, त्यांत तिने पुन्हा प्राण ओतला. अभिजात फ्रेंच वाणीचे वैभव राष्ट्राला अशा दारातून परत मिळाले, जिथे ते शोधण्यास कोणी गेले नसते.

जमिनीची मिरास वंशपरंपरेने खात्यावर चढते. भाषेची मात्र चढत नाही. ती पिढीजात मालकास विसरते आणि जो अक्षर अन् अक्षर घासूनपुसून मुखी धरतो, त्याच्या नावे आपली सनद करून देते.

२०१५ साली मराठी-कानडीच्या सीमेवरील बेळगावात ९५ वे नाट्यसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद फैयाज यांना लाभले. वर्तमानपत्रातली ती वार्ता मी आईला तेलुगूत सांगू लागलो, तेव्हा मला थांबवून ती म्हणाली, ‘मराठीतच वाच.’