घूस नव्हे, शाफान

“आत्या, घूस! केवढी मोठी बघ!”

मृत समुद्राकाठच्या एन गेदी उद्यानाच्या फाटकातून आत शिरून शंभर पावलंही झाली नव्हती. ठाण्याच्या गटारांवर घुशी बघत वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? आत्या काठीवर रेलून हसत सुटली. “घूस नाय गो. शाफान तो.”

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आत्या मूळची अलिबागची. 1960च्या दशकात लग्न होऊन इस्रायलला आली ती दिमोनातच राहिली. मी पंधरा दिवसांसाठी तिच्याकडे गेले होते, आणि गुडघे बरे आहेत तोवर मृत समुद्राकडे एक चक्कर मारायची तिची इच्छा होती.

‘शाफान’ हा शब्द माझ्या ओळखीचा होता, प्राणी नव्हता. तोरा या आमच्या धर्मग्रंथात निषिद्ध जनावरांच्या यादीत उंटापाठोपाठ त्याचं नाव येतं: रवंथ करतो, पण खूर दुभंगलेला नाही, म्हणून खायचा नाही. लहानपणी आत्याने आजोबांना विचारलं होतं, शाफान म्हणजे काय? हे जनावर आपल्या देशातच नाही, ते बिचारे काय सांगणार? “सशासारखं असतं काहीतरी,” म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. त्यांना हसायला नको. मार्टिन ल्यूथरनेही जर्मन बायबलात त्याचा ससाच केला होता.

आत्याला बसायला बाक मिळाला, आणि मग आम्ही धबधब्यापर्यंत गेलोच नाही. समोरच्या खडकावर सात-आठ शाफान एकमेकांना चिकटून उन्हाला पडले होते. आपल्या अंगाची ऊब नीट राखणं त्यांना जमत नाही, म्हणून सकाळचा पहिला कार्यक्रम हाच. एका मादीच्या पाठीवर पिल्लू चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. त्यातला एक जण उठून बाभळीच्या जातीच्या झाडावर सरसर चढला आणि काट्यांतून शेंडे खुडू लागला. नखं तर बोथट, छोट्या खुरांसारखी. मग पकड कशाची? फांदीवरून पाय खाली लोंबला तेव्हा तळवा दिसला: काळा, गुबगुबीत, ओल्या रबरासारखा. त्या तळव्यांना घाम येतो, त्यामुळे ते गुळगुळीत दगडालाही धरून राहतात.

मी मुद्दाम एका म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंडात काही नव्हतं, तरी खालचा जबडा आडवा फिरत होता. गोठ्यात बसलेली गाय आठवली. शाफान खरं तर रवंथ करत नाही. पण त्या जबड्याकडे पाहिल्यावर यादी करणाऱ्याला चूक म्हणायला जीभ रेटेना.

उद्यानातला एक तरुण कर्मचारी आमच्याशी बोलायला थांबला. तो हिब्रूत सांगे, आत्या माझ्यासाठी मराठी करी. मध्येच ती अडखळली. “हा म्हणतो, याचं नातं हत्तीशी. नीट ऐकलं ना मी?” नीटच ऐकलं होतं. हत्ती आणि समुद्रगाय हे याचे जवळचे भाऊबंद. वरचे दोन सुळे जन्मभर वाढत राहतात, आणि तीन-चार किलोच्या या जिवाची मादी सात महिने गाभण असते. सुळ्यांचं आत्याला फारसं काही वाटलं नाही. सात महिन्यांवर मात्र तिने कपाळाला हात लावला. “एवढ्याशा पोटाला सात महिने!”

तेवढ्यात शिट्टी वाजली. मला वाटलं, कुणी माणसानेच मारली. डोक्यावरून एक मोठा पक्षी गेला आणि खडक रिकामा झाला. पिल्लू केव्हा गेलं तेही दिसलं नाही. बराच वेळ फटींतून नुसत्या नाकांची टोकं दिसत होती.

आम्ही उठणार, तर वरून कण्हल्यासारखा, मग खाकरल्यासारखा, मग घोरल्यासारखा आवाज येऊ लागला. थांबेचना. “नर गातोय,” तो तरुण म्हणाला. इथल्या संशोधकांनी या गाण्यांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा ठिकाणागणिक गाण्याची धाटणी बदलते असं आढळलं; जितकं अंतर जास्त, तितका फरक जास्त. त्याला याचं फार अप्रूप होतं.

आत्याने हे सगळं मला मराठीत सांगितलं, काठी हातात घेतली आणि म्हणाली, “त्यात काय एवढं? पेणचं नि अलिबागचं बोलणं तरी कुठे सारखं होतं?”