सड्यावरची डबकी आणि सहामाही अहवाल

इकॉलॉजीत पीएचडी करायला नेमकं काय काय लागतं, असं विचारत एमएस्सीची मुलं-मुली हल्ली बरीच येतात. मी त्यांना आधी नियम सांगते, कारण नियम माहीत नसले की ऐन पावसाळ्यात एखादी सही अडकते आणि अख्खं वर्ष हातचं जातं. मग विचारते, यापुढची काही वर्षं गौरी-गणपतीला घरी नसशील, हे घरी सांगितलंस का? कारण सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावरच्या, डबक्यांत पाणी तेव्हाच भरलेलं असतं.

छापलेले नियम तसे सरळ आहेत. पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के, मग नेट किंवा विद्यापीठाची पेट ही प्रवेश परीक्षा, मग मुलाखत. यूजीसीच्या 2022 च्या नियमावलीप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी केली तर आणखी दोन, स्त्री संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षांची मुभा, शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. ही मुभा मागायला मुली संकोचतात. संकोचू नये, तो हक्क आहे. किमान 12 क्रेडिटचा कोर्सवर्क पूर्ण करायचा, दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे काम मांडायचं. शेवटी सिनॉप्सिस, साहित्यचौर्याची तपासणी, थिसिस, किमान दोन बाह्य परीक्षक आणि सगळ्यांसमोर व्हायवा. माझी नोंदणी 2016 च्या नियमांखालची. तेव्हा थिसिसआधी एक शोधनिबंध आणि परिषदांमधली दोन सादरीकरणं सक्तीची होती. यूजीसीने ती सक्ती 2022 मध्ये काढली, पण विद्यापीठाने आपल्या नियमांत ठेवली आहे का, हे ज्याचं त्याने विचारून घ्यावं.

कोर्सवर्क उरकून टाकायची गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं. माझ्या लेखी पीएचडीचा पाया तिथेच पडला. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आम्हाला स्टुअर्ट हर्लबर्ट यांचा 1984 चा लेख वाचायला दिला. इकॉलॉजीतले प्रयोग आकडेवारीच्या अंगाने कुठे कच्चे राहतात, हे त्यात उलगडून दाखवलं आहे. मॅडम म्हणाल्या, "एका डबक्यातून वीस बाटल्या भरल्यास, तर तुझ्याकडे नमुने किती?" वर्गातून उत्तर आलं, वीस. "एक," मॅडम म्हणाल्या. "वीसही बाटल्या त्या एकाच डबक्याबद्दल बोलतात. सड्यावरच्या सगळ्या डबक्यांबद्दल बोलायचं असेल तर वीस डबकी हवीत, आणि तीही एकाच सड्यावरची नकोत." या एका वाक्याने माझं पुढचं सगळं फील्डवर्क ठरलं. एका सड्यावर आरामात होणारं काम सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच सड्यांवर पसरलं, आणि एसटीच्या वेळापत्रकावर माझा अभ्यास चालू लागला.

सडा म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. कास त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं. पश्चिम घाटाबरोबर 2012 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. बाकीच्या सड्यांना कुणी विचारत नाही. उन्हाळ्यात ते इतके उजाड दिसतात की सरकारदरबारी त्यांची गणती पडीक जमिनीत होते. जूनमध्ये पाऊस लागला की कातळातल्या खळग्यांत पाणी साठतं. कुठे परातीएवढं, कुठे अंगणाएवढं. माझा विषय ही डबकी: पाणी किती दिवस टिकतं आणि त्यात कोण कोण राहतं, यांचा संबंध.

पहिल्याच पावसाळ्यात मी पोटावर झोपून एका खळग्यात तासभर पाहत होते. पाणी जेमतेम वीतभर. त्यात पांढुरके, पारदर्शक, नखाएवढे जीव उताणे पोहत होते. पोट वर, पाठ खाली, आणि पायांची लाट सारखी मागून पुढे सरकणारी. हे फेअरी श्रिम्प, कोळंबीचे दूरचे नातेवाईक. मादीच्या पोटाशी अंड्यांची पिशवी स्पष्ट दिसते. डबकं आटतं, जीव मरतात, अंडी मात्र मातीच्या पापुद्र्यात कोरडी पडून राहतात. चैत्र-वैशाखात तो कातळ पायाला चटके देतो, तेव्हाही ती जिवंत असतात. आणि पहिल्या पावसाला सगळी अंडी फुटत नाहीत. काही पुढच्या पावसासाठी, काही त्याच्याही पुढच्यासाठी राखून ठेवलेली असतात, घरातलं सगळं बियाणं एकाच पेरणीला न काढणाऱ्या शेतकऱ्यासारखी. पाऊस चार दिवस पडून महिनाभर दडी मारतो, तेव्हा हे राखलेलंच वंश टिकवतं.

"ताई, ह्या पाण्यात काय सोनं हाय का?" म्हशी चारायला आलेल्या आबांनी विचारलं. मी पेट्रीडिश पुढे केली. आबांनी ती डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "लहानपणापास्नं बघतोय, पर ह्ये उलटं पोहतं ते आज बघितलं." कुठल्या खळग्यात पाणी दसऱ्यापर्यंत राहतं आणि कुठलं दोन उन्हांत आटतं, हे आबांना तोंडपाठ होतं. माझी डबक्यांची पहिली वर्गवारी त्यांच्या सांगण्यावर झाली. पुढे पट्टीने खोली मोजली तेव्हा ती जवळजवळ तशीच निघाली. थिसिसच्या ऋणनिर्देशात त्यांचं नाव मॅडमच्या खालोखाल आहे.

नव्या विद्यार्थ्यांना मी चाळकेवाडीच्या सड्यावरचं एक काम आवर्जून वाचायला सांगते. तिथे पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी 2018 मध्ये दाखवलं की पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आहेत, आणि त्यामुळे तिथले सरडे संख्येने वाढले आहेत. वाढले, पण अंगाने बारीक झाले, आणि माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. पवनचक्की सरड्याला हात लावत नाही, तरी सरड्याचं आयुष्य बदलतं. असा प्रश्न विचारता येणं आणि पवनचक्कीखालची जागा तिच्यासारख्याच, पण पवनचक्की नसलेल्या जागेशी ताडून पाहणं, ही या पदवीची खरी अट आहे. शंभर जातींची यादी केली म्हणून ती पुरी होत नाही.

परवानग्यांबद्दल थोडं. राखीव वनात किंवा अभयारण्यात काम असेल तर वनविभागाची लेखी परवानगी हवीच, आणि ती मिळायला महिने जातात. इतर सडे कुणाच्या मालकीचे, कुठे ग्रामपंचायतीचे. तिथे सरपंचांना भेटून, काय करणार आणि काय नेणार हे सांगूनच पाऊल टाकायचं. दोनदा भेटायला जावं लागलं तरी जायचं.

माझं खरं दुखणं वेगळं होतं. विद्यापीठाचं वर्ष सहामाहीत मोजतात आणि डबक्याचं वर्ष एका पावसाळ्यात. जूनच्या बैठकीत समितीने विचारलं, गेल्या सहा महिन्यांत नवा डेटा किती? नोव्हेंबरनंतर सडा कोरडा असतो, हे मी सांगितलं. कागदावर 'प्रगती मंद' असा शेरा पडला. त्याच महिन्यांत मी प्रयोगशाळेत सड्यावरून खरवडून आणलेली कोरडी माती ट्रेमध्ये भिजवत होते. दोन-तीन दिवसांत सुईच्या टोकाएवढी पिल्लं पाण्यात नाचू लागायची, ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. पुढच्या अहवालात ते आकडे आणि आलेख गेले, तेव्हा समितीतल्याच एका सरांनी उठून, हे काम फील्डवर्कइतकंच महत्त्वाचं आहे, असं लेखी नोंदवलं. फील्डच्या खर्चाचे पैसे मात्र एकदा ऑगस्टअखेर आले. तोवर निम्म्याहून जास्त पावसाळा सरला होता आणि एसटीची तिकिटं जेआरएफच्या शिष्यवृत्तीतून काढलेली होती.

निष्कर्ष थोडक्यात सांगते. पाणी जितकं जास्त टिकतं तितक्या जाती जास्त, हे बहुतेक जिवांच्या बाबतीत खरं निघालं. फेअरी श्रिम्प मात्र लवकर आटणाऱ्या खळग्यांतच भरपूर होते. टिकाऊ पाण्यात चतुरांच्या अळ्या आणि पाणभुंगे वाढतात आणि त्यांना खाऊन टाकतात. म्हणजे जे डबकं आपल्याला बुजवून टाकण्याजोगं वाटतं, तेच त्यांचं घर. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "एखाद्या वर्षी पाऊस फारच कमी झाला तर तुमचा निष्कर्ष टिकेल?" मी म्हटलं, प्रयोगशाळेतली अंडी सांगतात की एक वर्ष टिकेल, ओळीने बऱ्याच वर्षांचं सांगायला तेवढी वर्षं मोजावं लागेल. सरांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न आकडेवारीच्या मॉडेलवर विचारला.

विद्यापीठांना माझी विनंती एवढीच आहे. इकॉलॉजीच्या विद्यार्थ्याचा प्रगती अहवाल त्याच्या विषयाचा हंगाम पाहून तपासा, आणि फील्डचे पैसे मे संपायच्या आत त्याच्या खात्यात जमा करा. आणि यंदा नोंदणी करणाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्येच कोरड्या सड्यावर फिरून खळगे निवडावेत, त्यांचे जीपीएस बिंदू घ्यावेत, परवानगीचे अर्ज टाकावेत. पाऊस लागल्यावर हे करायला वेळ मिळत नाही.