रानटी कोणाला म्हणायचं?

कनेरगाव नाका म्हणजे मराठवाड्याची वेस, पैनगंगेपलीकडं विदर्भ. रेल्वे आहे, हिंगोली-वाशीम रस्ता आहे, म्हणून भटक्यांची पालं आमच्याकडं नेहमीच पडायची. सुगी संपली की मसणजोगी, नंदीवाले, डवरी गोसावी यायचे आणि घरोघरी ताकीद मिळायची, 'तिकडं फिरकू नका, रानटी लोकं आहेत ती.' आम्ही हमखास फिरकायचो. एका पालापुढं तीन दगडांच्या चुलीवर बाई भाकरी करत होती. पहिली तिनं आंधळ्या सासऱ्याच्या हातात दिली, दुसरीचे तुकडे करून आम्हा पोरांपुढं धरले.

शाळेत इंग्रजीच्या धड्यात 'बार्बेरिक' आला. सरांनी फळ्यावर दोन अर्थ लिहिले: असंस्कृत आणि क्रूर. ग्रीकांना परक्यांचं बोलणं नुसतं 'बर बर' ऐकू यायचं, त्यावरून ते नाव पडलं, हे पुढं कॉलेजात कळलं. बोली वेगळी एवढाच ज्यांचा दोष, त्यांच्या माथी क्रौर्य कसं मारलं गेलं, या प्रश्नानं तेव्हापासून माझी पाठ सोडलेली नाही.

आपल्याकडं तर त्याचा कायदाच झाला. 1871 साली इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. ठाण्यात हजेरी लागली, सोलापुरात माणसं तारेच्या कुंपणात वसवली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. त्यानंतरही ठाण्यातली नजर कशी तशीच राहिली, हे लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त पानोपानी आहे.

मग 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा रविवार. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी भिक्षा मागायला आलेले. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं, आणि त्याचं चित्रीकरणही केलं. मी ते पाहिलं आणि दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. राईनपाडा आदिवासींचं गाव. त्यांनाही शहरं रानटीच म्हणत आली. तेव्हापासून या शब्दापुढं जात-जमात मी येऊच देत नाही. कोंडलेल्या माणसावर उगारलेला हात रानटी, मग तो कुणाचाही असो.

यंदा डवरी आले तेव्हा म्हाताऱ्यानं डौर वाजवण्याआधी झोळीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं आधार कार्ड काढून माझ्यापुढं धरलं.

"बाबा, ठेवा ते आत. बसा, चहा घ्या."

"आधी बघून घ्या, मालक," तो म्हणाला. "ठाण्यात नोंदबी करून आलोय."